पाळीव छोटा पोपट : निवड व माणसाळवणे

पाळीव छोटा पोपट : (बजरीगर, बाजारातले नाव ‘लव्हबर्ड’). शुककुलातील, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातील पक्षी. लांबी सु. 18 सेंमी., वजन 30 ते 40 ग्रॅम. चांगली निगा राखली तर सात-आठ वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गुल्ड यांनी 1840 मध्ये तो इंग्लंडला नेला आणि पुढे तो जगभर घरोघरी पोचला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, निराळाच पक्षी. पण आपल्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही बजरीगरालाच लव्हबर्ड म्हणतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात नुसते ‘पोपट’ म्हटले, की डोळ्यांसमोर येतो तो राघू : राहात्याच्या पेरूबागांत आणि कर्जत-जामखेडकडच्या ज्वारीवर थव्याने उतरणारा, ज्याच्यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते तो. तो पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 नुसार कोणताही भारतीय पोपट पकडणे, विकणे वा घरी ठेवणे गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. साधारण जानेवारी ते एप्रिल राघूची वीण झाडांच्या ढोलीत होते. याच दिवसांत ढोलीतून काढलेली, धड पिसेही न फुटलेली पिल्ले चोरून विकली जातात. ती कोणी कितीही स्वस्तात देऊ केली, तरी घेऊ नयेत. बजरीगर व कॉकटील यांना सरकारी नोंदणी लागत नाही. सन कॉन्यूर किंवा आफ्रिकन करडा पोपट घेणाऱ्याला मात्र 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते.

पोपट धरण्याची एक जुनी युक्ती याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत आली आहे. सहाव्या अध्यायातील त्या दृष्टांतात पोपट टांगलेल्या नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. पाय कोणी बांधलेले नसतात. पडण्याच्या भयाने तोच नळी घट्ट आवळून धरतो. पक्ष्याचा स्वभाव यात अचूक टिपला आहे. माणसाळवणे म्हणजे ही भीती घालवणे. ती वाढवून पक्षी फक्त गप्प होतो, आपला होत नाही.

निवड : सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू घ्यावे. त्याच्या कपाळावरच्या आडव्या रेषा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनंतर रेषा मागे सरतात. वयात आलेल्या नराच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग निळा, मादीचा तपकिरी असतो. पांढऱ्या-पिवळ्या जातींत ही खूण चालत नाही. बोलायला बहुधा नरच शिकतो. भरदिवसा पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेला, श्वासासरशी शेपूट हलवणारा किंवा शेपटीखाली विष्ठा चिकटलेला पक्षी आजारी समजावा. घर दिवसभर बंद राहणार असेल तर जोडी घ्यावी. ती माणसाला उशिरा लळा लावते, पण एकट्याचे हाल होत नाहीत.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा. गजांमध्ये सव्वा सेंमी.हून अधिक फट नको. बसायला गुळगुळीत दांडीऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या लावाव्यात. नगरकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पत्र्याखाली पिंजरा टांगू नये, पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि अंघोळीला उथळ ताटली ठेवावी. राळा-बाजरीबरोबर कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मक्याचे कोवळे दाणे द्यावेत. चुन्यासाठी समुद्रफेस टांगावा. चहा, चॉकलेट, मिठाचे पदार्थ आणि ॲव्होकॅडो वर्ज्य. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो.

माणसाळवणे : पहिला आठवडा त्याला हात लावू नये. पिंजरा भिंतीला टेकवून, माणसांच्या वावरात पण डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि जवळ बसून हळू आवाजात बोलत राहावे. मग रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे बाजरीचे कणीस हातात धरून हात आत स्थिर ठेवावा. आपल्या भागात कणसाची उणीव नाही, आणि याहून चांगले आमिषही नाही. पक्षी कणसावर बिनधास्त चोच मारू लागला, की पायांच्या जरा वर पोटाशी बोट हलकेच टेकवावे. तो बोटावर चढतो. कोणी आठ दिवसांत चढतो, कोणी दोन महिने घेतो. पाठलाग करून मुठीत धरले, की केलेली मेहनत वाया जाते. पंख कापणे हा जवळचा मार्ग मानतात. तो चुकीचा आहे, कारण उडता न येणारा पक्षी अधिकच भितो. बाहेर सोडण्याआधी पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, आरसा झाकावा.

घरात आधीपासून राघू असेल तर त्याला परस्पर रानात सोडू नये. हातावर वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही. वन विभागाला 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.