बांबूवर आलेला आळ

बल्लारपुरात पेपर मिलचा विषय निघाला की पाठोपाठ वाद निघतो : मिल खचली ती कोणामुळे? कोणी बांबू संपल्याचे सांगतो, कोणी युनियनकडे बोट दाखवतो, कोणी मालकाकडे, कोणी सरकारकडे. हा आळ एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर फिरत आला आहे. त्याची वाट शोधायची तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

बांबूपासून कागद करता येईल, हे थॉमस रूटलेज या इंग्रज कागदकाराने १८७५ मध्ये पुस्तिका काढून मांडले. आज त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. पुढे देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूचा लगदा शिजवण्याची रीत बसवली आणि १९२५ मध्ये बांबूकागदाच्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. इकडे बल्लारपूर या गोंड राजांच्या जुन्या राजधानीत कोळशाची खाण होतीच. १९२९ मध्ये काझीपेठचा लोहमार्ग बल्लारशाहला, म्हणजे बल्लारपूरच्या स्थानकाला, जोडला गेला आणि उत्तर-दक्षिण वाट खुली झाली. वर्धा नदीचे पाणी, उशाशी कोळसा, दाराशी रेल्वे आणि पूर्वेला गडचिरोलीपर्यंत पसरलेले बांबूचे रान. लाला करमचंद थापर यांनी १९४५ मध्ये ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ स्थापन केली, तिच्यासाठी सारे जणू मांडूनच ठेवले होते. १९७५ मध्ये तिची ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ झाली आणि गावाचे नाव देशभरच्या वह्यांवर पोचले.

आळाची पहिली ठिणगी रानातच पडली. देशभर सरकारने कागद गिरण्यांना बांबू नाममात्र दराने दिला. कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला १९५८ मध्ये तो टनाला दीड रुपयाने मिळत होता. बांबू विरळ होऊ लागला तेव्हा गिरणीवाल्यांनी गावकऱ्यांच्या कोयत्याला आणि गुरांना दोष दिला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तिथल्या रानात जाऊन पाहिले, तर निराळेच दिसले. तोड सोपी व्हावी म्हणून गिरणीचे मजूर बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण काढून टाकत आणि उघडे पडलेले कोंब जनावरे खाऊन टाकत. गावकरी मात्र ते काटे राखत. मला हा सारा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण आरोप करणाऱ्याच्याच हातात कोयता होता, हे इथे प्रत्यक्ष दिसले. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हाच प्रश्न हक्काच्या बाजूने विचारला. निस्ताराच्या, म्हणजे घरवापराच्या, बांबूसाठी गावकऱ्याने दारोदार फिरायचे आणि गिरणीला मात्र रानच्या रान द्यायचे, हा कुठला न्याय? गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्यासह ग्रामसभा वर्षानुवर्षे चिवटपणे लढली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

असाच वाद अमेरिकेत डेट्रॉइटनेही घातला. तिथे मोटारींचा धंदा ढासळला तेव्हा आळ आधी जपानी गाड्यांवर आणि मग युनियनच्या पगार-पेन्शनवर आला. १९८१ मध्ये जपानी आयातीला आवर घालूनही, १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केलाच.

पुन्हा बल्लारपूरकडे यायचे तर तिथले वळण मला २००७ मध्ये दिसते. त्या वर्षी कंपनीने सुमारे २६ कोटी डॉलर मोजून मलेशियातली ‘सबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज’ विकत घेतली. कच्चा माल परदेशातल्या रानातून आणायचा, हा हिशेब. त्यात कर्ज फुगले. मग आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या करारानुसार १ जानेवारी २०१४ पासून त्या देशांच्या कागदावरचे आयातशुल्क शून्यावर आले आणि स्वस्त कागद बाजारात उतरला. पण आयात तर सगळ्याच गिरण्यांच्या वाट्याला आली. त्यातल्या कितीतरी तगल्या. कर्जाचा डोंगर ज्यांनी उभा केला, त्यांचा वाटा मी सर्वांत मोठा मानतो. युनियनला किंवा रानाला कोणी कधी विचारले नव्हते, की सबा घ्यायची का.

मूळ कंपनीने बल्लारपूरचा कारखाना आधीच ‘बिल्ट ग्राफिक’ या उपकंपनीकडे सोपवला होता. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने मूळ कंपनीविरुद्धची दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली आणि २०२३ मध्ये फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेचा आराखडा मंजूर झाला. बल्लारपूरचे नाव मिरवणारी कंपनी अशी परक्या हाती गेली. ज्या रानातला बांबू संपल्याचे सांगितले जात होते, तिथल्या मेंढ्याची ग्रामसभा तोवर स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागली होती.