दुसऱ्या खेळाडूची जागा

बर्गर आणि व्हिडिओ गेम ही दोन नावं एका दमात घेतली, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. मुलांना बिघडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत दोन्ही अगदी वर. पण श्रोतेहो, यांचा इतिहास चाळताना मला वेगळंच काही जाणवलं. या दोन्ही ठिकाणी मुलाशेजारी मोठ्या माणसाची एक जागा आहे आणि ती रिकामी राहिली की घोळ होतो.

आधी खेळाचं बघू. राल्फ बेअर हे मूळचे जर्मनीतले ज्यू. नाझींच्या छळापायी त्यांचं कुटुंब १९३८ मध्ये अमेरिकेला गेलं. पुढे ते इंजिनिअर झाले. १९६६ मध्ये त्यांच्या मनात आलं, घरोघरी टीव्ही आहेत, ते नुसते बघतच का बसायचं? त्यातून १९७२ मध्ये 'मॅग्नावॉक्स ओडिसी' हे टीव्हीला जोडायचं पहिलं घरगुती खेळयंत्र बाजारात आलं. त्याला आवाज नव्हता. रंगासाठी पडद्यावर रंगीत पारदर्शक प्लास्टिक चिकटवायचं. गुणसुद्धा खेळणाऱ्यांनीच मोजायचे. खोक्यात फासे आणि पत्तेही असत. आणि कंट्रोलर होते दोन. टेबल टेनिस खेळायचं तर समोर माणूस हवाच, कारण यंत्राला स्वतःला खेळता येत नव्हतं. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या 'पाँग'चंही तेच.

पुढे यंत्र शहाणं झालं. १९७८ चा जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' जगभर गाजला. त्यात माणसाची गाठ थेट यंत्राशी होती. तरी निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या यंत्राचं नाव 'फॅमिली कॉम्प्युटर' असंच होतं आणि त्यालाही दोन कंट्रोलर जोडलेले होते. त्याच्याच नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे आल्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत भावंडं कॅसेट फुंकून फुंकून 'मारिओ' आणि 'काँट्रा' खेळू लागली.

आता बर्गर. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली. त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला. खिम्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो, म्हणून लोकांना त्याचा विशेष संशय. १९२१ मध्ये विचिटा शहरात सुरू झालेल्या 'व्हाइट कॅसल'ने दुकान पांढरंशुभ्र ठेवलं आणि बर्गर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजले. विश्वास बसला तो असा.

मग चिंता लागली चरबीची. १९९१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत ९१ टक्के चरबीमुक्त बर्गर काढला. चरबी गेली की मांस कोरडं पडतं, म्हणून त्यात पाणी आणि समुद्री शेवाळापासून केलेला कॅरागीनन घातला होता. लोकांना तो काही रुचला नाही. १९९६ मध्ये बंद झाला.

दरम्यान १९९३ साल उजाडलं. अमेरिकेच्या पश्चिम भागात एका साखळीचे आतून अर्धेकच्चे राहिलेले बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू बहुधा वरवर असतात. खिमा केला की तेच आतपर्यंत पोचतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिंसक व्हिडिओ गेमवरून अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली. १९९४ मध्ये दोन्हींवर उपाय निघाले. ई. कोलायचा तो घातक प्रकार गोमांसाच्या खिम्यात सापडला, तर तो माल भेसळीचा धरायचं सरकारने ठरवलं. आणि खेळांच्या खोक्यांवर वयोगटाचा शिक्का आला.

शनिवारी संध्याकाळी नातवंडं आली, की आमच्याकडे हे दोन्ही उद्योग चालतात. चरबी काढलेल्या मटणाचा खिमा, त्यात किसलेला कांदा आणि दुधात भिजवून पिळलेला पाव. कटलेट मऊ राहावं म्हणून आपण करतो तीच युक्ती. नात हात धुऊन टिक्क्या थापते आणि पुन्हा साबणाने हात धुते. तव्यापाशी मी. टिकलीच्या मध्यभागी थर्मामीटर टोचला, की नातू आकडा वाचतो. ७१ अंश सेल्सियस आल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हे आता तोच मला बजावतो.

जेवणानंतर दुसरा कंट्रोलर माझ्या हाती येतो. मी हरतो, ते दोघं मला शिकवतात. शाळेत काय झालं असं समोर बसवून विचारलं तर 'काही नाही' एवढंच उत्तर मिळतं. पण नजर पडद्यावर आणि खांद्याला खांदा लागलेला असला, की वर्गात कोण चिडवतं, कुठल्या विषयाची धास्ती वाटते, सगळं आपसूक बाहेर येतं.

थर्मामीटर आणि शिक्का दोन्ही हवेतच. चार मुलांच्या जिवाचं मोल देऊन मिळालेला धडा विसरून चालणार नाही. पण खेळ कुणासाठी, हे शिक्का वयावरून सांगतो. आपल्या घरातलं मूल कशाने दचकलं, कुठे रडवेलं झालं, हे शेजारी बसलेल्यालाच दिसतं. बेअर यांच्या यंत्रात ही शेजारची जागा नाइलाजाने आली होती. आज यंत्रांना आपली गरज उरलेली नाही. मुलांना आहे.