तारीख एकच, १५ ऑक्टोबर

वर्ध्याहून बल्लारशाकडे निघालेली गाडी पुढे तेलंगणात शिरते. १९८०च्या सुमारास नक्षलवादी हीच सीमा उलट्या दिशेने ओलांडून गडचिरोलीत आले. म्हणून हैदराबादचं राजकारण आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही.

२००४ची निवडणूक काँग्रेसने तिथे जिंकली, ती नक्षल्यांशी चर्चेचं आश्वासन देऊन. १५ ऑक्टोबरला त्यांचे नेते जंगलातून येऊन सरकारसमोर बसले. चार दिवस बोलणी झाली. अडलं कुठे? बंदुकीवर. शस्त्रं घेऊन गावात फिरू नका, हे त्यांना मान्य नव्हतं. जानेवारी २००५मध्ये चर्चा मोडली. १५ ऑगस्टला काँग्रेसचेच आमदार नरसी रेड्डी मारले गेले आणि दोन दिवसांत राजशेखर रेड्डींच्या सरकारने बंदी परत आणली. बोलणी करणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

आता बघा, २०२५, तारीख तीच. माओवादी पॉलिट ब्युरोतल्या भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री फडणवीसांपुढे शस्त्रं ठेवली. बंदूक ठेवायची की नाही, हे भांडण या वेळी पक्षाच्या आतच पेटलं होतं. पक्षाने त्याला गद्दार ठरवलं. त्यामुळे माझ्या मते राजकीय फटका सरकारऐवजी पक्षालाच बसला.