अंक आणि कान

गाण्याच्या यंत्रांचे शौकीन लोक अलीकडे एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्यांत सुरांपेक्षां आंकडेच अधिक येतात. एकाची प्रत चोवीस बिटांची, तर दुसऱ्याची सेकंदास १,९२,००० मापांची. या आंकड्यांना ‘हाय-रेझोल्युशन’ असें भारदस्त नांव मिळालें असून, ज्याच्या घरीं ते नाहींत त्याला आपण गाण्याला मुकलों कीं काय अशी चुटपुट लागते. ही चुटपुट कितपत सकारण आहे, हें ठरविण्यास त्या आंकड्यांचा इतिहास पाहणें हाच उत्तम मार्ग होय.

ध्वनि म्हणजे हवेंतील कंपनें. जुनी तबकडी त्या कंपनांची आकृतिच चरींत कोरून ठेवीत असे. डिजिटल पद्धतीची रीत निराळी. ती लहरीची उंची ठराविक अंतरानें मोजते आणि तीं मापें अंकांत लिहून ठेवते. मापें सेकंदास किती घ्यावयाचीं हा एक प्रश्न, आणि प्रत्येक माप किती बारीक असावें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर गणितानें यंत्रांच्या पुष्कळ आधीं दिलें होतें. त्याचें बीज हॅरी नायक्विस्टच्या १९२८ सालच्या निबंधांत आहे. पुढें कोटेलनिकोव्ह यानें १९३३ सालीं व क्लॉड शॅनन यानें १९४९ सालीं तो सिद्धांत स्पष्ट मांडला. सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक मापें घेतलीं, तर मूळ लहर पुन्हां जशीच्या तशी उभी करतां येते. दोन मापांच्या मध्यें कांहीं तरी गळून जातें, हा जो सामान्य समज आहे, त्याला या सिद्धांतानें जागाच ठेवलेली नाहीं.

अंकांत आवाज साठविण्याची कल्पना अलेक रीव्हज् या इंग्रज इंजिनियरास १९३७ सालीं पॅरिस येथें सुचली. त्याचा हेतु मात्र गाणें हा नव्हता. टेलिफोनच्या संदेशांत वाटेंत सांचत जाणारी खरखर त्याला टाळावयाची होती. संगीतास या विद्येचा खरा उपयोग झाला तो जपानांत. निप्पॉन कोलंबिया या कंपनीनें १९७२ सालीं तेरा बिटांचें यंत्र बनवून त्यावर वादनाचें मुद्रण केलें. त्यानंतर दहा वर्षांनीं, १ ऑक्टोबर १९८२ रोजीं, सीडी जपानच्या बाजारांत आली. तिच्यावर सेकंदास ४४,१०० मापें असतात. हा विलक्षण आंकडा कानाच्या अभ्यासांतून आला असेल असें वाटतें. पण तो आला व्हिडिओच्या फितींतून. त्या काळीं इतके अंक सांठविण्यास दुसरें सोईचें साधन नव्हतें. चित्राच्या प्रत्येक भागांत २४५ उपयुक्त रेघा, रेघेगणिक तीन मापें, आणि सेकंदास असे साठ भाग: गुणाकार ४४,१०० येतो. युरोपच्या पद्धतींतही २९४, तीन आणि पन्नास यांचा गुणाकार तोच. निरोगी तरुण कानाची मर्यादा सेकंदास सुमारें २०,००० कंपनें असल्यामुळें त्याची दुप्पट यांत सहज सामावली. बारीकपणाविषयीं फिलिप्सला चौदा बिट पुरेसे वाटत होते. सोनीनें सोळांचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, आणि हळू व मोठ्या आवाजांत सुमारें ९६ डेसिबलांचें अंतर.

तरीही रसिकांचें समाधान झालें नाहीं. १९९९ सालीं सुपर ऑडिओ सीडी व २००० सालीं डीव्हीडी-ऑडिओ अवतरली. चोवीस बिटांनीं पायऱ्यांची संख्या १,६७,७७,२१६ वर नेली. मुद्रणगृहांत या विस्ताराचा खरोखर लाभ होतो. गवयानें अचानक खणखणीत तान घेतली तरी ती फाटूं नये म्हणून इंजिनियर आवाज बेतानें, हात राखून घेऊं शकतो. पण मुद्रण करणाऱ्याची सोय आणि ऐकणाऱ्याचा आनंद या दोन गोष्टी एक नव्हेत.

ऐकणाऱ्याची परीक्षाही झाली. बोस्टन येथील मेयर व मोरन यांनीं उच्च प्रतीचें संगीत एकदां जसेंच्या तसें व एकदां सीडीच्या मापांतून गाळून ऐकविलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणें ५५४ प्रयत्नांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे नाणें उडवून जें साधतें तेंच साधलें. २०१६ सालीं लंडनच्या जोशुआ राइस यांनीं अशा अठरा प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ भरलें, शिकवून तयार केलेल्या कानांचें त्याहून बरें. भेद अगदींच नाहीं असें म्हणवत नाहीं. पण तो हाताशीं धरून चालावा इतका मोठाही नाहीं.

मेयर व मोरन यांनीं आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, व तीच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. या महाग तबकड्या सामान्य सीडीपेक्षां बहुधा खरोखरच चांगल्या वाजत. परंतु सीडीच्या मापांतून गाळल्यावरही त्यांचा चांगुलपणा तसाच राहिला! कारण उघड होतें. चोखंदळ गिऱ्हाइकासाठीं तयार केलेल्या मुद्रणावर कारागिरानें मन लावून हात फिरविला होता. बाजारी मुद्रणांत मात्र १९९० नंतर सारे सूर दाबून एकसारखे मोठे करण्याची चढाओढ लागली होती. ९६ डेसिबलांचें अंगण मोकळें असतां गाणें एका कोपऱ्यांत कोंडून ठेवलें गेलें. भांडें मोठें घेतल्यानें दूध वाढत नाहीं, हें विसरून दोष भांड्यास दिला गेला.

आमच्या जुन्या गाण्याच्या बाबतींत हा विचार विशेष जरूर आहे. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांचा आवाज ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत उरला आहे. सीडीच्या मर्यादेइतकीं उंच कंपनें त्या चरींत कोरलींच गेलीं नव्हतीं. तरी संग्रहालयें अशा तबकड्यांची प्रत ९६,००० मापांनीं घेतात, तें योग्यच आहे. ओरखड्यांचे टोकदार आवाज त्यामुळें स्पष्ट उमटतात व गाण्यापासून वेगळे काढतां येतात. पण जुन्या तबकड्या नेहमीं बरोबर ७८ फेऱ्यांनींच भरल्या जात असें नाहीं. वेग शेंकडा सहा चुकला कीं गवयाचा षड्ज हार्मोनियमच्या एका पट्टीनें सरकतो. ही चूक चोवीस बिटांतही तितक्याच चोखपणें उतरते. ती ओळखण्यास तो गळा जाणणारा कान लागतो, आणि बाजारांतल्या कोणत्याही आंकड्याबरोबर तो मिळत नाहीं.