हितोमीचे शेवटचे साडेसात तास

जपानचा हितोमी हा क्ष-किरण उपग्रह २६ मार्च २०१६ रोजी अंतराळात मोडला. त्या रात्रीचा हा घटनाक्रम. सर्व वेळा भारतीय आहेत.

२८ फेब्रुवारी : चूक आत शिरते
उड्डाणाला अकरा दिवस झालेले. दुर्बिणीचा सहा मीटरचा दांडा पुढे सरकल्याने उपग्रहाचा गुरुत्वमध्य बदलला. म्हणून छोट्या इंजिनांसाठी नवे आकडे पाठवले गेले. ते चुकीचे होते आणि पाठवण्याआधी सिम्युलेटरवर पडताळलेच नव्हते. इंजिने वापरायची वेळ येईपर्यंत ही चूक तशीच दबा धरून बसली.

२५ मार्च, रात्री ११:३१ : उरले ७ तास ३६ मिनिटे
पुढचे लक्ष्य मार्केरियन २०५. सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या या दीर्घिकेच्या गाभ्यात महाकाय कृष्णविवर वायू गिळत बसले आहे. आत पडता पडता वायू प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हे किरण कमीजास्त होत राहतात, आणि खरी माहिती त्या चढउतारातच असते. तेज तासाभरात पालटले, तर ते जिथून येते तो भाग प्रकाशाच्या तासाभराच्या प्रवासाहून फारसा मोठा असू शकत नाही. घड्याळ लावून कृष्णविवराचा परिसर मोजायचा, तो असा.

मांजरा धरण कोरडे पडलेल्या त्या उन्हाळ्यात इकडे बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये निजानीज झाली होती. इथल्या माळावर कितीही मोठी दुर्बीण उभारली, तरी हे किरण तिला दिसले नसते. वातावरण ते वरच्या वर शोषून घेते. त्यासाठी ५७५ किलोमीटर उंचीवर हितोमी होता. खेकडा तेजोमेघाकडून मार्केरियनकडे वळण्याची आज्ञा त्याला मिळाली. तो वळलाही.

मध्यरात्री १२:४० : उरले ६ तास २७ मिनिटे
उपग्रह स्थिर होता. पण गिरकी मोजणाऱ्या जायरोवर आधारलेली यंत्रणा सांगू लागली, आपण तासाला २१.७ अंशांनी फिरतो आहोत. ताऱ्यांकडे पाहून दिशा ठरवणारा कॅमेरा ही चूक दुरुस्त करू शकला असता. मात्र दोघांच्या उत्तरांत फार तफावत पडली तर कॅमेऱ्याचे ऐकायचे नाही, असा नियम प्रणालीत घातलेला होता. नसलेली गिरकी थांबवायला उपग्रहाची दिशा सांभाळणारी आतली चाके फिरू लागली आणि उपग्रह खरोखरच उलटा फिरू लागला.

पहाट
चाकांवरचा भार साचत गेला. तो उतरवणारी चुंबकीय यंत्रणाही चुकलेल्या दिशेमुळे निकामी ठरली. जमिनीशी संपर्क व्हायचा तो मोजकी मिनिटे.

सकाळी साडेसहाच्या सुमारास : उरला जेमतेम अर्धा तास
केजमध्ये दिवस उगवला होता. वर सौर पट्ट्या सूर्यापासून वळलेल्या. चाकांची ताकद संपत आली तसा उपग्रहाने शेवटचा उपाय काढला, सुरक्षित स्थिती. त्यात इंजिने पेटवून गिरकी थांबवायची असते. इंजिने पेटली ती २८ फेब्रुवारीच्या आकड्यांनिशी. गिरकी थांबायची ती वाढली.

सकाळी ७:०७ : शून्य
गोफणीतून धोंडा सुटावा तशा सौर पट्ट्या मुळापासून तुटल्या. पुढचा दांडाही गेला असावा. हा जपानी अंतराळ संस्थेचा, जाक्साचा, अंदाज. अमेरिकी रडारला नंतर तुकडे दिसले.

दुपारी १:१०
ठरल्या वेळी जपानने हाक दिली. उत्तर आले नाही. २८ एप्रिलला जाक्साने प्रयत्न थांबवले.

मागे काय उरले
पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूचे हितोमीने घेतलेले मोजमाप अजोड ठरले. मार्केरियन २०५ मात्र राहून गेले. कृष्णविवरांच्या चढउतारांवरचे काम थांबले नाही. त्याच मार्चच्या सुरुवातीला भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या लॅक्सपीसी उपकरणातून, जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराची सेकंदाला अनेकदा होणारी थरथर टिपली होती. जपाननेही चुका मान्य करून ७ सप्टेंबर २०२३ रोजी एक्सरिझम हा नवा उपग्रह सोडला.

हितोमीला बाहेरच्या कशाचा धक्का लागला, असा पुरावा निघाला नाही. तो गेला न पडताळलेल्या आकड्यांनी. उपग्रह असो की धरणाचा दरवाजा, आकडा भरणाऱ्याने तो दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. त्याला लागणारी पाच मिनिटे हितोमीच्या किमतीपुढे काहीच नाहीत.