पॅरिसचा इंग्रज शिंपी

फॅशन म्हटली की आपल्याला पॅरिस आठवते. पण त्या नगरीच्या या लौकिकाची घडी ज्याने बसविली तो गृहस्थ फ्रेंच नव्हता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ १८२५ साली इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात जन्मला. लंडनच्या कापडदुकानांत उमेदवारी करून विशीच्या सुमारास तो पॅरिसला आला आणि एका पेढीवर कापड विकू लागला. १८५८ साली बोबर्ग नावाच्या स्वीडिश भागीदारासह त्याने स्वतःची पेढी थाटली. म्हणजे दोघेही परकेच!

तोवर गिऱ्हाइकाने हुकूम सोडावा आणि शिवणाराने तो मुकाट्याने पाळावा, अशी रीत होती. वर्थने ती उलटी केली. तो नमुने आधी तयार करी, जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून दाखवी, आणि वस्त्राच्या आत आपल्या नावाची पट्टी लावी. सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. १८७० च्या युद्धात तिचे सिंहासन गेले. वर्थची पेढी मात्र १८७१ मध्ये पुन्हा उघडली. १८९५ मध्ये तो वारल्यावर मुलांनी ती चालविली.

शिवणाराला नाव मिळवून दिले, हाच वर्थचा खरा पराक्रम, असे आम्ही मानतो. परंतु त्या पट्टीवर एकच नाव मावले. त्याच्या कारखान्यात शेकडो स्त्रिया टाके घालीत; त्यांची नावे आपण कोणत्या पट्टीवर शोधावी?