सुप्याचे कागद

भांडवलशाहीचं पुढे काय होणार, हा विषय निघाला की मी सुप्यापासून बोलायला सुरुवात करतो. बारामती तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. तेव्हा तालुक्याचं नाव भीमथडी. १२ मे १८७५ रोजी आसपासचे कुणबी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, काही घरं पेटली. पण त्यांना खरे हवे होते ते कागद: कर्जरोखे, खातेवह्या, कोर्टाचे हुकूमनामे. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगाने नोंदवलं, की सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे फारसं आणखी काही घडलं नाही. माझी सगळी नोकरी बँकेत पीककर्जाची प्रकरणं तपासण्यात गेली. मला ही नोंद फार मोलाची वाटते. ज्यांना अडाणी म्हटलं गेलं, ती माणसं आपण नेमके कशाने बांधले गेलो आहोत हे पुरतं ओळखून होती.

त्या कागदांमागचा पैसा कुठून आला होता? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा जवळजवळ तीन चतुर्थांश कापूस तिथून येई. तो आटला आणि लिव्हरपूलची नजर मुंबईकडे वळली. मुंबईच्या पेढ्यांनी शहरांतल्या बड्या सावकारांना पैसा दिला, त्यांनी तो गावोगावच्या सावकारांना, आणि तिथून तो उचल म्हणून शेतकऱ्याच्या पदरात पडला. सुप्याचा भाग बाजरी-ज्वारीचा. तरी धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली, आणि सावकाराच्या लेखी इथल्याही कुणब्याची पत वाढली. न मागता कर्ज मिळण्याचे दिवस होते ते. असे दिवस मीही पाहिले आहेत, आणि त्यांची मला नेहमीच धास्ती वाटत आली.

इकडे मुंबईत शेअरचं वेड लागलं होतं. समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या पुढे गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस उतरला, आणि १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा सगळा डोलारा कोसळला. या तेजीचे म्होरके दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले, बँक ऑफ बॉम्बे मोडली. पण १८६८ मध्ये त्याच नावाने नवी बँक उभी राहिली, आणि प्रेमचंदही पुढे सावरले.

गावातल्या माणसाला सावरायला अशी सोय नव्हती. वरून पैसा आखडला, तसा सावकारानेही हात आखडला आणि वसुली मात्र सुरू ठेवली. त्यातच १८६७ पासून इंदापूर, भीमथडी भागात तीस वर्षांनंतरची फेरआकारणी झाली. तेजीच्या काळातले भाव धरून सारा कित्येक गावांत निम्म्याहून जास्त वाढवला गेला. सारा रोख भरायचा. रोख रक्कम फक्त सावकाराकडे.

सगळ्यात क्रूर भाग मात्र कायद्याचा होता, आणि तो कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधा कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल असं ठरवलं; व्याज वर्षानुवर्षं साचू नये हा हेतू. सावकारांनी दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घ्यायला सुरुवात केली. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्या मोठ्या मुद्दलावर पुन्हा व्याज. कुणबी अंगठा देई, कारण न द्यावा तर पेरणीला बी मिळत नसे. आमच्या बँकेत मार्चअखेरीला ‘नवं-जुनं’ चाले. जुनं कर्ज चार दिवस कुणाकडून तरी हातउसने घेऊन भरायचं, लगेच नवं उचलायचं, त्यात व्याज बसवायचं. कागदावर वसुली पूर्ण, शेतकऱ्यावरचं ओझं आहे तेवढंच किंवा थोडं जास्त. मी अशा प्रकरणांवर सह्या केल्या आहेत. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, आणि आजही फारसा दिसत नाही.

म्हणून ही व्यवस्था एखाद्या मंदीत आपोआप संपेल, असं मला वाटत नाही. १८६५ चा तोटा खाली ढकलायला तिला जागा होती, तशी जागा तिने पुढेही दर वेळी शोधली. सुप्याची जाळपोळ झाली त्याच १८७५ च्या जुलैत मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. पण खालच्या माणसाने कागदच नाकारला तेव्हा वरच्यांना नियम बदलावे लागले, हेही तितकंच खरं. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि रोख्यावर आकडा काहीही असो, मुळात किती दिलं-घेतलं हे न्यायाधीशाने तपासावं असं सांगितलं. शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न त्यानंतर सरकारला टाळता आला नाही, आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आमच्या गावागावांतल्या सोसायट्यांचं मूळ तिथे आहे. उद्याची भांडवलशाही कशी असेल, हे मला वाटतं अशाच नकारांवर ठरेल: कोण, कुठे आणि किती एकजुटीने नाही म्हणतो त्यावर.

१८७९ नंतर सावकारही गप्प बसले नाहीत. गहाणखतात न्यायाधीश खोलात जाणार, म्हणून त्यांनी कर्जापोटी सरळ खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली. ती पद्धत अजून चालू आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी खरेदीखतं रद्द करून जमीन परत देण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, आणि तो व्यवहार विक्रीचा नसून कर्जाचा होता हे दाखवायचं.